पोहायचे आहे? मग आधी श्वास सोडा!

— एक विद्यार्थिनी, बी. ए. तृतीय वर्ष

कुणाला धीर द्यायचा झाला की आपण मराठी माणसे हटकून म्हणतो, ‘जरा दम धर.’ निकाल लांबला, दम धर. एस. टी. चुकली, दम धर. मुलाखतीचे बोलावणे आले नाही, दम धर. जमिनीवर हा सल्ला लाखमोलाचा आहे. पाण्यात मात्र तो साफ उलटा पडतो. पाण्यात ज्याने दम धरला तो दहा-वीस हातांतच थकतो, गटांगळ्या खातो, काठ धरतो आणि ‘पोहणे हे आपले काम नव्हे’ असे ठरवून कायमचा कोरडा होतो. वस्तुतः त्याचे हात दुबळे नसतात आणि पायही दुबळे नसतात. त्याने श्वास सोडलेला नसतो, एवढेच काय ते चुकलेले असते.

या लेखाचा मुद्दा एवढाच आहे. पोहणे शिकताना, विशेषतः ज्याला फ्रीस्टाइल किंवा मुक्त शैली म्हणतात ते शिकताना, आपली अडचण होते ती हातापायांमुळे नव्हे, श्वासामुळे. आणि श्वासातही तो घेण्यामुळे नव्हे, न सोडण्यामुळे. ही गोष्ट शिकता येते, शिकवता येते, तिला फारसा खर्च येत नाही आणि म्हणून ती आपल्या महाविद्यालयात शिकवली गेली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

वार्षिकांकात कथा-कविता आणि वैचारिक लेखांच्या पंगतीत हा कसला विषय, असे काही वाचकांच्या मनात येईल. पण आपण राहतो कुठे ते पाहा. आपल्या जिल्ह्याचे नावच मुळी नदीचे आहे. सातपुड्यात, मध्य प्रदेशातील मुलताईच्या परिसरात उगम पावलेली वर्धा नदी आपली पश्चिमेची शीव आखत जाते. पवनारला धाम आहे, हिंगणघाटला वणा आहे, बोर आणि यशोदा आहेत. बोर धरणाचा जलाशय आहे, महाकाळीला धाम धरणाचा आहे. सुटी लागली की सहली निघतात त्या यांपैकीच कुठल्या तरी काठावर. डबे सोडले जातात, गाणी होतात, आणि मग कुणीतरी म्हणतो, ‘चला, पाण्यात उतरू या.’ पुढची बातमी कधी कधी दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात येते. ती वाचताना आपण ‘अरेरे’ म्हणतो आणि पान उलटतो.

१४ सप्टेंबर २०२१ रोजी आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, वरूड तालुक्यातील झुंज येथे, याच वर्धा नदीत नाव उलटली आणि ११ माणसे बुडाली. ती दशक्रियेच्या निमित्ताने आली होती. अशा प्रसंगी पोहणारा माणूस वाचेलच असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पुराच्या पाण्यापुढे भल्याभल्यांचे चालत नाही. परंतु पाण्याच्या काठी राहणाऱ्या समाजाला पाण्यात श्वास कसा घ्यावा आणि सोडावा हे ठाऊकच नसावे, ही स्थिती काही भूषणावह नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ या एका वर्षात जगभरात सुमारे ३ लाख माणसे बुडून मृत्यू पावली. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रसंघाने २५ जुलै हा बुडण्यापासून बचावाचा दिवस म्हणून पाळण्याचे ठरवले. आपल्याकडे अनेक दिवस मोठ्या उत्साहाने साजरे होतात. हा दिवस आपल्या फलकावर लिहिलेला कुणी पाहिला आहे काय?

आपल्याकडे पोहणे शिकवीत नव्हते असे नाही. आपल्या वडिलांच्या आणि आजोबांच्या पिढीतील बहुतेक पुरुष विहिरीत शिकले. पाठीला रिकामा डबा किंवा वाळका भोपळा बांधायचा, कंबरेला दोर लावायचा आणि काठावरून ढकलून द्यायचे. पोरगा ओरडत, रडत, हातपाय मारत वर येई. आठ-पंधरा दिवसांत डबा सुटे आणि महिन्याभरात तोच पोरगा थारोळ्यावरून मुटका मारू लागे. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मध्ये श्यामच्या पोहण्याची कथा आहे. मुलगा भित्रा ठरू नये म्हणून एरवी मायाळू असलेली आई त्याला मारून विहिरीवर पाठवते. ती कथा आपण सर्वांनी वाचली आहे आणि आईच्या त्या कठोरपणामागचे प्रेमही आपल्याला कळले आहे.

या पद्धतीबद्दल मला अनादर नाही. पाण्याची भीती एकदाची मोडून काढण्याचे काम तिने चोख केले. पण तिच्या मर्यादाही स्पष्ट बोलल्या पाहिजेत. पहिली मर्यादा अशी की, ती धैर्य शिकवते, श्वास शिकवत नाही. विहिरीत शिकलेला माणूस मान उंच ठेवून पोहतो. नाकातोंडात पाणी जाऊ द्यायचे नाही, हाच त्याचा सगळा व्यवहार. दुसरी मर्यादा अशी की, ही शाळा फक्त मुलांची होती. आमच्या घरात काका, मामा, चुलतभाऊ सगळे पोहतात. आजी, आई, आत्या, मावशी यांपैकी एकीलाही पोहता येत नाही. त्यांनी आयुष्यभर विहिरीचे पाणी ओढले, पण त्या पाण्यात उतरण्याची मुभा त्यांना नव्हती. आणि तिसरी गोष्ट म्हणजे ती शाळाच आता बंद पडत चालली आहे. कितीतरी विहिरींचे पाणी उन्हाळ्यात तळाला जाते, कितीतरींवर जाळी आणि पंप बसले, आणि नव्या शेतांत विहिरीऐवजी बोअर आले. बोअरमध्ये बादली जात नाही, तर पोरगे कुठून जाणार?

तेव्हा जुनी शाळा मोडली आणि नवी निघाली नाही, अशी आपली अवस्था आहे. पोहणे न येणारी, पण मोबाइलवर पोहण्याचे चलच्चित्र पाहून पाण्यात उतरणारी पिढी ती हीच.

आता श्वासाच्या मुद्द्याकडे येते. फ्रीस्टाइलमध्ये माणूस पालथा असतो, चेहरा पाण्यात असतो आणि हात आळीपाळीने पुढे टाकावे लागतात. खरे तर स्पर्धेच्या नियमांप्रमाणे फ्रीस्टाइल म्हणजे वाटेल त्या पद्धतीने पोहण्याची मोकळीक. परंतु ही ‘क्रॉल’ नावाची पद्धत सर्वांत वेगवान असल्यामुळे सगळे तीच वापरतात आणि फ्रीस्टाइल म्हणजे क्रॉल असेच समीकरण होऊन बसले आहे. पद्धत वेगवान खरी, पण नवशिक्याला ती गुदमरवते. गावच्या डोहात आरामात या काठावरून त्या काठाला जाणारा गडी पोहण्याच्या तलावात येतो, इतरांचे पाहून चेहरा पाण्यात घालतो आणि २५ मीटरची एक फेरी पुरी होण्याच्या आत धापा टाकू लागतो. ‘माझा स्टॅमिना कमी पडतो,’ असे तो म्हणतो. हे निदान चुकीचे आहे. तोच गडी दिवसभर औत हाकतो, पोती उचलतो. त्याचा दम कमी असेल कसा?

याचे कारण शरीरशास्त्रात आहे आणि ते समजायला विज्ञान शाखेत जाण्याची गरज नाही. आपण आत घेतो त्या हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो. बाहेर टाकतो त्या हवेतही तो सुमारे १६ टक्के शिल्लक असतो. म्हणजे छातीत हवा कोंडून धरली तरी प्राणवायू लगेच संपत नाही. मग जीव इतक्या लवकर का घाबरतो? तो घाबरतो कार्बन डायऑक्साइडमुळे. तो साचू लागला की मेंदू ‘श्वास घे, श्वास घे’ असा तगादा लावतो. नवशिक्या काय करतो? पाण्यात चेहरा घालण्यापूर्वी भीतीने छाती भरून श्वास घेतो, ओठ घट्ट मिटतो आणि हात मारू लागतो. दोन-तीन हातांत तगादा सुरू होतो. मग तो मान वर काढतो, आणि त्या अर्ध्या-पाऊण सेकंदात आधी जुनी हवा सोडायची व मग नवी घ्यायची, अशी दोन कामे त्याच्यावर येऊन पडतात. दोन्ही अर्धवट होतात. जुनी हवा पुरती गेली नाही म्हणून नवी पुरती आली नाही. असे पाच-सहा वेळा झाले की माणूस छातीत हवा भरलेली असतानाच गुदमरतो!

म्हणजे उपाय काय? श्वास सोडण्याचे काम पाण्यातच उरकून घ्यायचे. चेहरा पाण्यात गेला की नाकातून आणि थोडा तोंडातून संथपणे बुडबुडे सोडत राहायचे, थांबायचे नाही. तोंड पाण्याबाहेर येईल त्या क्षणी छाती नव्या हवेसाठी मोकळी झालेली असली पाहिजे. मग श्वास ‘घ्यावा’ लागत नाही, तो आपोआप आत येतो. हे ज्या दिवशी साधते त्या दिवशी पोहणे ही कुस्ती राहत नाही, चालण्यासारखे होते.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुटीत नागपूरला मामांकडे राहून मी पोहणे शिकले. आम्हाला शिकविणारे सर वयस्कर होते. त्यांनी पहिले चार दिवस आम्हाला हात मारूच दिले नाहीत. कंबरभर पाण्यात कठड्याला धरून उभे राहायचे, चेहरा पाण्यात घालायचा आणि नाकातून ‘हूं’ असा सूर काढायचा. सूर चालू आहे तोवर नाकात पाणी शिरत नाही, हे त्यांनी आम्हाला सांगितले नाही. ते आमचे आम्हालाच कळले. आमच्या तुकडीत पन्नाशीच्या एक बाई होत्या. पहिल्या दिवशी पायरीवरून खाली उतरायला त्यांना अर्धा तास लागला. पण त्या घरी भजन म्हणणाऱ्या होत्या. एका श्वासात ओळ पुरी करण्याची सवय त्यांना होती. ‘हूं’चा सूर त्यांनी आम्हा सर्वांपेक्षा लांब आणि एकसारखा काढला, आणि आमच्यातल्या धट्ट्याकट्ट्या मुलींच्या आधी त्या न धापता फ्रीस्टाइलची फेरी मारू लागल्या. ताकद आणि वय यांचा या कामाशी आपण समजतो तेवढा संबंध नाही, हे मला तिथे पटले.

आता एक शंका हमखास येते. श्वास सोडला तर माणूस बुडणार नाही काय? शंका रास्त आहे. छाती भरलेली असली की बहुतेक माणसे तरंगतात आणि सगळी हवा काढून टाकली की बहुतेक बुडतात, हे खरेच. पण आपण सगळी हवा काढून टाकत नाही. थोडी थोडी सोडतो आणि दर दोन-तीन हातांनी पुन्हा भरून घेतो. शिवाय पोहणारा माणूस नुसता पडून नसतो, पुढे सरकत असतो. खरे बुडवते ते दुसरेच. माणसाचे डोके चार-पाच किलोंचे असते. घाबरून ते पाण्याबाहेर उचलले की तराजूच्या न्यायाने कंबर आणि पाय खाली जातात. पाय खाली गेले की शरीर तिरपे होते, पाणी अडवू लागते, ते वर आणायला लाथा मारा, लाथा मारल्या की आणखी धाप, आणि धाप लागली की डोके आणखी वर! नवशिक्याचे हे दुष्टचक्र आहे आणि त्याचे मूळ मान वर काढण्यात आहे.

म्हणून श्वास घेताना मान उचलायची नसते, कुशीवर वळायचे असते. एक हात पुढे लांबवलेला आहे, दुसरा मागे जात आहे. ज्या बाजूचा हात मागे जातो त्या बाजूचा खांदा आणि कंबर वर येतात, त्यांच्याबरोबर चेहराही तेवढाच वळतो. एक कान पाण्यावर टेकलेला, एक डोळा पाण्यात आणि एक बाहेर. उशीवर डोके ठेवून कूस बदलावी तसे. आणि निसर्गाने इथे एक सोय करून ठेवली आहे. पुढे सरकणारे डोके पाण्याची छोटी लाट उठवते आणि तिच्या मागे, तोंडाच्या शेजारी, एक खळगा तयार होतो. त्या खळग्यात पाण्याची पातळी आजूबाजूपेक्षा खाली असते. तोंड तिथे नेले की हवा मिळते; आकाशाकडे पाहण्याची गरज नसते. श्वास दर दोन हातांनी घ्यावा की तीन हातांनी, यावर जाणकारांत वाद चालतात. नवशिक्याने त्यात पडू नये. ज्याला जेव्हा हवी तेव्हा त्याने हवा घ्यावी. पुढे सवय झाल्यावर दोन्ही बाजूंना वळायला शिकावे, म्हणजे एकाच खांद्यावर भार येत नाही.

कुणी म्हणेल, मान वर ठेवून पोहणारे मोठे पोहणारे झालेच की! झाले खरे. पुढे टारझन म्हणून पडद्यावर गाजलेला जॉनी वाइसमुलर डोके उंच ठेवून पोहत असे, आणि १९२२ साली १०० मीटर फ्रीस्टाइल एका मिनिटाच्या आत पोहणारा तो पहिला माणूस. पण त्याच्यासारखा देह आणि त्याच्यासारखा सराव आपल्यापाशी नाही. आपल्याला विक्रम करायचे नाहीत. न घाबरता, न धापता काठाला यायचे आहे.

लाथांच्या बाबतीतही असाच गैरसमज आहे. नवशिक्यांना वाटते, जोरात लाथा मारल्या की वेग येतो. मांडीचे स्नायू हे शरीरातले मोठे स्नायू. ते जेवढे राबतील तेवढा प्राणवायू खातील. जो श्वासाने आधीच बेजार आहे त्याने लाथा झोडणे म्हणजे कर्जबाजारी माणसाने बँड लावून लग्न करण्यासारखे आहे. येथे मला मुरलीकांत पेटकर यांचे स्मरण होते. सांगली जिल्ह्यातला हा जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाला. मुळात ते मुष्टियोद्धे. उपचाराचा भाग म्हणून पाण्यात उतरले. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे झालेल्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून सुवर्णपदक मिळवले. पॅरालिम्पिकमधले भारताचे ते पहिले सुवर्णपदक. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०२४ साली त्यांच्यावर हिंदी चित्रपट निघाला, तेव्हा आपल्या पिढीला त्यांचे नाव कळले. पदक आणि चित्रपट बाजूला ठेवा. एक साधी गोष्ट पाहा. ज्याचे पाय चालत नव्हते तो माणूस हातांच्या आणि श्वासाच्या बळावर जगात पहिला आला. मग दोन्ही पाय धडधाकट असलेल्या आपण लाथा झोडून दमून जावे, याला काय म्हणावे?

आपल्या विदर्भाच्या कांचनमाला पांडे यांचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. त्यांना दृष्टी नाही. २०१७ साली मेक्सिकोत झालेल्या जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत त्यांनी २०० मीटर मेडले प्रकारात सुवर्णपदक मिळवले. या प्रकारात चार शैली एकामागून एक पोहाव्या लागतात आणि शेवटची पाळी फ्रीस्टाइलची असते. म्हणजे शरीर थकलेले असते तेव्हाच श्वासाची खरी परीक्षा होते. ज्यांना भिंत दिसत नाही त्यांना काठावरचा सहायक काठीने स्पर्श करून भिंत जवळ आल्याचे कळवतो. बाकी सारी भिस्त हातांच्या मोजणीवर आणि लयीवर. अंधारात लय सांभाळता येते, मग उजेडात घाबरण्याचे कारण काय?

श्वास सोडण्याचे हे शास्त्र आपल्याला परके नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. प्राणायामात पूरक, कुंभक आणि रेचक असे तीन भाग सांगितले आहेत. त्यांतला रेचक म्हणजे सोडणे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि श्वासाच्या या क्रिया प्रयोगशाळेत तपासायला घेतल्या. आपली भाषासुद्धा हे जाणते. संकट टळले की आपण श्वास घेत नाही, ‘सुटकेचा निःश्वास टाकतो’. सुटका टाकण्यात आहे! आणि पवनारचे उदाहरण तर घरचे आहे. १९३८ साली विनोबा प्रकृती अगदी खालावलेल्या अवस्थेत पवनारला आले. धाम नदीचा पूल ओलांडताना त्यांनी डोक्यातले सगळे विचार, सगळी कामे मनाने सोडून दिली, आणि मग त्यांची प्रकृती सुधारली, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. विनोबांचा त्याग आणि आपले बुडबुडे यांची बरोबरी करण्याचा आगाऊपणा मी करीत नाही. पण धरून ठेवण्यापेक्षा सोडण्याने माणूस हलका होतो, हे त्याच नदीकाठी राहणाऱ्यांना निराळे समजावून सांगण्याची गरज पडू नये.

कुंभकाबद्दल मात्र एक गंभीर इशारा दिलाच पाहिजे. ‘बुडी मारून कोण जास्त वेळ राहतो’ अशा पैजा आपली मुले लावतात. त्याआधी भराभरा दहा-वीस श्वास घेतात. यात प्राणवायू फारसा वाढत नाही, फक्त कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि वर सांगितलेला मेंदूचा तगादा वेळेवर येत नाही. माणूस कुठलीही सूचना न मिळता पाण्याखाली बेशुद्ध होतो. चांगला पोहणारासुद्धा असा जातो, आणि काठावरच्यांना वाटते की गडी विक्रम करतो आहे. ही पैज कुणी लावली तर तिला शौर्य न म्हणता तिथल्या तिथे थांबवावे, अशी माझी सर्वांना हात जोडून विनंती आहे. तसेच कुणी बुडताना दिसला तर पोहता येते म्हणून लगेच उडी टाकू नये. बुडणारा मिठी मारतो आणि दोघे जातात. दोर, ओढणी, काठी, हवा भरलेली ट्यूब, जे हाताशी असेल ते आधी फेकावे आणि माणसे बोलवावीत.

‘हे सगळे ठीक; पण आमच्याजवळ तलाव कुठे आहे?’ असा प्रश्न विचारला जाईल. त्याचे उत्तर दोन भागांत देते.

पहिला भाग घरचा. श्वासाचा निम्मा अभ्यास बादलीत होतो. न्हाणीघरात रुंद बादली किंवा घंगाळ भरा. चेहरा कानापर्यंत पाण्यात घाला, ‘हूं’ करीत बुडबुडे सोडा, मग मान न उचलता एका बाजूला वळवून तोंडाने श्वास घ्या, पुन्हा चेहरा पाण्यात. आधी पाच वेळा, मग दहा वेळा, मग न मोजता. ठसका लागेल; लागू द्या, आणि थांबून पुन्हा करा. पंधरा दिवसांत नाकातोंडाला पाणी लागले की दचकण्याची सवय जाते. पाण्याची अर्धी भीती ती हीच असते. अर्थात बादलीत शिकलेला माणूस नदीत उतरायला लायक झाला असे कुणी समजू नये. पुढचे शिक्षण कंबरभर, स्वच्छ, थांबलेल्या पाण्यात आणि जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच व्हायला हवे.

दुसरा भाग महाविद्यालयाचा. आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. एक, जिमखाना समितीने दर उन्हाळ्यात दहा-पंधरा दिवसांचे शिबिर जवळच्या एखाद्या पोहण्याच्या तलावावर घ्यावे. नागपूर फार लांब नाही. आणि ज्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे खेळाडू १९३६ साली बर्लिनला जाऊन भारतीय व्यायामप्रकार दाखवून आले, ते अमरावतीही लांब नाही. क्रिकेटच्या साहित्यावर होणाऱ्या खर्चाचा थोडा वाटा इकडे वळवला तरी काम भागेल. दोन, मुलींसाठी वेगळी वेळ आणि शिकविणारी बाई असावी. पोशाखाची चर्चा करीत बसण्यापेक्षा अंगभर पण पाण्यात न फुगणारा पोशाख ठरवून टाकावा. आरती साहा यांनी १९५९ साली इंग्लिश खाडी पोहून पार केली. त्यानंतर इतक्या वर्षांनी आमच्या पोहण्याला घरातून आणि वर्गातून हसू येऊ नये. तीन, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात रस्ते झाडण्याबरोबर एक दिवस पाण्याचा ठेवावा: बादलीतला श्वास, दोर फेकणे आणि बुडालेल्याला बाहेर काढल्यावरचा प्रथमोपचार. आणि चार, या शिबिरात आमच्या प्राध्यापकांनीही उतरावे. वर्गात ते आम्हाला शिकवतात. पाण्यात आपण सारे एकाच इयत्तेत असू.

प्राध्यापक महोदय म्हणतील, अभ्यासक्रम पुरा होत नाही, त्यात हे कुठे बसवायचे? त्यांना नम्रपणे आठवण द्यावीशी वाटते की, १९३७ च्या ऑक्टोबरात याच वर्धा शहरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली होती. नई तालीमचा विचार तिथून देशभर गेला. शिक्षण पुस्तकाबरोबर हातांतून आणि कामातूनही झाले पाहिजे, असे या गावाने देशाला सांगितले. त्या गावच्या महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या पदवीधराला रससिद्धान्ताचे सगळे पक्ष पाठ असावेत आणि छातीभर पाण्यात त्याच्या नाकातोंडात पाणी जावे, हे मला तरी पटत नाही. जीव वाचवणाऱ्या गोष्टीला अभ्यासक्रमाबाहेरची म्हणायचे, तर अभ्यासक्रमाची व्याख्याच पुन्हा तपासावी लागेल.

हा अंक हाती पडेल तेव्हा उन्हाळा तोंडावर असेल. सहलींचे बेत ठरू लागतील आणि कुणीतरी धामच्या नाहीतर बोरच्या काठाचे नाव काढील. जिमखान्याच्या सूचनाफलकावर शिबिरासाठी नावे देण्याचा कागद त्याआधी लागावा, एवढी अपेक्षा आहे. तो लागेपर्यंत बादली प्रत्येकाच्या घरी आहेच.